गोदावरीच्या उजव्या तीरावरचे विष्णुपुरी

नांदेडला पुराव्यांची कधी वाण पडली नाही. वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नांदीकड’ येते, ते नांदेडच, असे अभ्यासक मानतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम इथेच झाला. सव्वाशे वर्षांनी महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. १९०० मध्ये हैदराबाद-मनमाड रेल्वे आली, पुढे उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजू लागला. पण हे सारे नदीच्या डाव्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर. आपण गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागलो, की इतिहास एकदम अबोल होतो. विष्णुपुरीपाशी सांगण्यासारखे होते ते काळेश्वराचे शिवालय, महाशिवरात्रीची गर्दी आणि भोवतीची काळी रानं. एवढ्यावर गावाची कित्येक शतके निघाली.

गावाचे नशीब पालटले ते नदीच्या खोलीमुळे. गोदावरी इथे खोल पात्रातून वाहते आणि कंधार-लोह्याकडची जमीन उंचावर आहे. पैठणच्या जायकवाडीसारखे धरण बांधून कालव्याने पाणी सोडावे, तर ते या माथ्यावर चढणार कसे? उत्तर एकच होते: बंधारा घालून पाणी अडवायचे आणि पंपांनी वर उचलायचे. पाटबंधारे खाते वर्षानुवर्षे सांभाळलेल्या आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाणांनी या उपसा योजनेचा ध्यास घेतला. १९८० च्या दशकात विष्णुपुरीला बॅरेज उभे राहिले आणि जलाशयाला त्यांच्याच नावाने ‘शंकरसागर’ म्हटले जाऊ लागले. पाणी निघाले होते शेतासाठी. पण नांदेड शहराची तहानही त्यावरच भागू लागली आणि उन्हाळ्यात शेतीचे पाणी आधी की पिण्याचे, हा वाद कायमचा वस्तीला आला. प्रकल्पाची थोरवी सांगणारे हा भाग सहसा गाळतात.

पाण्यामागोमाग विद्या आली. १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंद सिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळे होऊन स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे आवारही याच परिसरात. १९८८ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही पुढे शहर सोडून इकडेच आले. शेजारच्या वाघाळ्याचा मान निराळा: सिडकोच्या वसाहतींनी वेढलेल्या त्या खेड्याचे नाव १९९७ मध्ये थेट महापालिकेच्या पाटीवर चढले, ‘नांदेड-वाघाळा’. विष्णुपुरीला ती पाटी लाभली नाही. मात्र पावसाळ्यात धरणाचे किती दरवाजे उघडले, हे आज नांदेडात घरोघरी विचारले जाते, आणि उत्तरात नाव येते ते याच गावाचे.