दख्खन रेडिओची खबर आणि बदनापूर

मराठवाड्याच्या इतिहासावर बोलताना आपण तलवारी, तुरुंग, सत्याग्रह यांविषयी भरभरून बोलतो. कानावर काय पडत होते, याचा विचार सहसा होत नाही. शहरातल्या बातम्या सांगणारे, त्यांवर चर्चा करणारे स्वतंत्र रेडिओ केंद्र अमेरिकेतल्या शहरांना जसे लाभले, तसे आपल्या मुलखाला लाभले नाही. खासगी एफएम वाहिन्यांना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही. फार तर त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र पुन्हा ऐकवता येते. त्यामुळे बदनापूरच्या संदर्भात रेडिओवरील बातमीचा इतिहास शोधायचा तर हैदराबादपासून सुरुवात करावी लागते.

हैदराबादेत खासगी प्रयत्नातून सुरू झालेले केंद्र १९३५ साली निजाम सरकारने ताब्यात घेतले. तोच दख्खन रेडिओ. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कन्नड अशा रियासतीतल्या भाषाही त्यावरून ऐकू येत. पुढे औरंगाबादलाही केंद्र झाले. १९४७ साली संस्थानांमध्ये मिळून जी पाच केंद्रे होती, त्यांत हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन निजामाची. म्हणजे आज ज्याला मागास म्हणून हिणवले जाते, त्या मराठवाड्यात पुण्याच्या आधी रेडिओ केंद्र होते. पुण्याचे केंद्र १९५३ चे. हे आम्ही अभिमानाने सांगतो असे कुणी समजू नये. सरकारी रेडिओ सरकारचीच बाजू बोलणार, निजामाचा असो की आणखी कुणाचा.

बदनापूर औरंगाबाद-जालना रस्त्यावरचे गाव. मनमाड-काचीगुडा रेल्वेचे स्टेशनही गावाला आहे. त्या काळी रेडिओचा संच खेड्यात मिळणे मुश्कील. असलाच तर एखाद्या मोठ्या घरात किंवा कचेरीत. एक जण ऐके आणि शंभर जण त्याच्याकडून ऐकत. मशिदीच्या पायरीवर, स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर खबर पोचेपर्यंत तिला हातपाय फुटलेले असत. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘बातमी’ आणि ‘खबर’ हे शब्द वेगळ्या अर्थाने येत. बातमी रेडिओची, खबर माणसाची. आणि विश्वास खबरीवर जास्त.

तो का, हे सप्टेंबर १९४८ पाहिले की कळते. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. एकदोन दिवसांतच औरंगाबाद पडले, फौजा जालन्याकडे सरकल्या. मधला रस्ता आमच्या गावावरून जातो. १७ तारखेला पंतप्रधान मीर लायक अली यांनी राजीनामा दिला. मग स्वतः मीर उस्मान अली खान रेडिओवर बोलले, लढाई थांबल्याचे जाहीर झाले. ते भाषण कन्हैयालाल मुनशी यांच्या सल्ल्याने झाले, हे मुनशींनीच लिहून ठेवले आहे. रेडिओवर शरणागती आली तेव्हा आमच्या भागात ती आधीच घडून गेली होती.

खरा प्रश्न त्यानंतरचा. रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला, तो लपवण्याचे कारण नाही. पण पोलीस ॲक्शननंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, त्याची बातमी रेडिओवरून गावापर्यंत आली नाही. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीत काझी अब्दुल गफ्फार होते, मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. समितीने मृतांचा अत्यंत सावध अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोचली. हा अहवाल दशकानुदशके दडून राहिला. रेडिओवर शांतता होती आणि घरात कुजबुज. ज्या घरांतली माणसे परतली नाहीत, त्या घरांना रेडिओने काय सांगितले असते?

१ एप्रिल १९५० रोजी दख्खन रेडिओ ऑल इंडिया रेडिओत सामील झाला. औरंगाबादचे केंद्र पुढे बंद पडले. मराठवाड्याला पुन्हा आपला आवाज मिळायला वेळ लागला. आधी परभणी, मग औरंगाबाद. मधल्या काळात मुंबई-पुण्याची मराठी आमच्या घरात शिरली. ती आमची नव्हती, आमच्या बोलीत दख्खनी मिसळलेली. तरी आम्ही ती शिकलो, आणि शाळेतल्या निबंधात वापरली. आम्हाला प्रमाण मराठी देण्यात मास्तरांइतकाच ट्रान्झिस्टरचाही वाटा आहे. पोस्टात रेडिओचे लायसन्स भरायचे दिवस होते ते.

रात्री मात्र सुई दुसरीकडे वळे. बीबीसी उर्दूचे ‘सैरबीन’ ऐकायचे, तेही आवाज बारीक करून. १९७१ च्या युद्धाच्या दिवसांत तर दार लावून. ऐकणे गुन्हा नव्हता. पण उर्दू आवाज शेजारी कुठला समजतील, ही धास्ती होती. ही धास्ती कुणी घातली नव्हती, ती १९४८ पासून घरातच होती. ‘सैरबीन’ही पुढे रेडिओवरून बंद झाले.

दिवसा ऐकण्यासारखी भीतीविना गोष्ट म्हणजे शेतीचा कार्यक्रम. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांनी गावाचे नाव मराठवाड्याबाहेर नेले. बीडीएन म्हणजे बदनापूर, हे अनेकांना ठाऊकही नसते. तुरीच्या वाणाला कुणी जात विचारीत नाही, असे आमचे एक चुलते म्हणत.

औरंगाबाद केंद्राने, जे शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले, मराठीबरोबर उर्दूतही प्रादेशिक बातमीपत्र दिले. पाऊस, धरणाचे पाणी, कापसाचा भाव, तेच सगळे, फक्त दुसऱ्या भाषेत. आमच्या घरी दोन्ही लागत. दादीजान उर्दू ऐकून झाल्यावर विचारायच्या, “मराठीत काही वेगळं सांगितलं का रे?”