मुलाच्या नावानं

आमच्या मोपा-पेडण्याकडच्या कुठल्याही देवळात जा. घंटेवर, पंख्याच्या पात्यावर, सभामंडपातल्या बाकाच्या पाठीवर नावं रंगवलेली दिसतील: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. ही नावं बहुतेक पिकल्या पानांची. लहान मुलाचं नाव क्वचितच. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मला याचं नवल वाटे. कारण जुन्या बायकांकडून कळलं. तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचं वर्षश्राद्धही घालत नाहीत. शिवाय देवी, पटकी, हिवताप यांनी घराघरातली पोरं जात, तिथं नावं तरी किती जणांची लिहिणार? मागची दोन मुलं गेली की तिसऱ्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही, एवढाच उपाय आईच्या हाती होता.

हे बदललं शाळांमुळे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळेमागून बक्षीस समारंभ आला. गेलेल्या मुलाच्या नावानं वर्गात पहिल्या येणाऱ्याला पुस्तकं, धावण्याच्या शर्यतीला फिरता चषक. वर्षातून एकदा का होईना, लाऊडस्पीकरवरून त्या लेकराचं नाव गावभर ऐकू जाई. श्राद्धानं जे दिलं नव्हतं ते आईबापांना शाळेनं दिलं, असं मी मानते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही असाच चषक ठेवला. त्यांचा मुलगा बाबू रक्ताच्या कर्करोगानं गेला. कोकण रेल्वे अजून सुरू व्हायची होती. पत्रादेवीला रात्रीची बस धरायची, सकाळी मुंबईत उतरून परळला टाटा हॉस्पिटल गाठायचं. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तिथं अल्प दरात राहायला मिळतं. जाऊबाई आजही त्या जागेचं नाव हात जोडून घेतात. ज्या बाबांच्या नावाची ही धर्मशाळा, त्यांचा मुलगा गोविंद 1923 साली पिसाळलेलं कुत्रं चावून गेला आणि ती बातमी बाबांना खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली. कीर्तन त्यांनी थांबवलं नाही. मुंबईची बस त्याच खारेपाटणवरून जाते. परळच्या वाऱ्या करणाऱ्या आमच्याकडच्या किती आईबापांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आणि टाटा हॉस्पिटल तरी कशातून उभं राहिलं? सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. दोराबजींनी 1932 च्या एप्रिलात त्यांच्या नावानं विश्वस्त निधी काढला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या रोगावर जगात कुठंही संशोधन करणाऱ्यांसाठी ठेवला. दोन महिन्यांत ते स्वतःही गेले. त्याच दुःखातून पुढे परळचं रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 ला उघडलं. पंखा नाही, घंटा नाही. दोराबजींनी पैसा प्रश्नाच्या मुळाशी लावला. ज्या काळी या रोगावर औषधच नव्हतं, त्या काळी हे सुचणं मला फार मोठं वाटतं.

औषधाची पहिली चाहूल 1948 साली बोस्टनमध्ये लागली. डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, त्यांतली 10 काही काळ सुधारली. ते औषध बनवणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ तरुणपणीच आजारानं गेले होते, आणि त्याच दुःखानं त्यांना औषधांच्या शोधाकडे वळवलं. आपल्याकडे टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी ही लढाई पुढे नेली. लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरत. 1980 च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नई इथल्या रुग्णालयांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर एमसीपी-841 ही उपचारपद्धती राबवली. त्याआधी या रोगातून पाचातलं एखादं मूल वाचे. या पद्धतीनं वाचणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या घरात नेलं. श्रीमंत देशांत ते आता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. मधलं अंतर नशिबाचं नाही. वेळेत निदान, पुरतं औषध, पोटभर अन्न आणि आपल्या मुलांवर आपल्याकडे झालेलं संशोधन, यांचं ते अंतर आहे.

मोपाच्या सड्यावर विमानतळ आला, तेव्हा आमच्या घराचीही काजूची जमीन गेली. 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. मोबदला हाती आल्यावर जाऊबाईंच्या वाट्याचं काय करायचं, यावर घरात बोलणं झालं. कुणी देवळाला फरशी सुचवली, कुणी अन्नसंतर्पण. त्या म्हणाल्या, "चषक कपाटात धूळ खातो. बाबूच्या रोगावर काम करणाऱ्यांना पैसे द्या." घरातले पुरुष गप्प झाले. रक्कम मोठी नव्हती, तरी जाऊबाईंनी ती परळला पाठवली, आणि सोबतच्या कागदावर बाबूचं पूर्ण नाव माझ्याकडून लिहून घेतलं.

देवळाच्या फरशीला माझा विरोध नाही. पण फरशीला देणारे गावात पुष्कळ आहेत, मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला फार थोडे. तुमच्या घरातलं एखादं लेकरू असं गेलं असेल, तर त्याच्या वाढदिवसाला जमेल तेवढी रक्कम टाटा मेमोरियलला पाठवा, आणि पत्रात स्पष्ट लिहा: बालकर्करोगाच्या संशोधनासाठी. खाली मुलाचं नाव लिहायला विसरू नका.