नवव्या मजल्यावरच्या मुली
दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी शिवणयंत्राची खडखड सुरू होई. आईचा पोलक्याला काजे करणारा हात आठवला, की मला हटकून न्यूयॉर्कच्या त्या मुली आठवतात.

कोणी रशियातून आलेली ज्यू, कोणी इटलीतल्या खेड्यातली. कित्येकींचे वय अवघे सोळा-सतरा. ट्रँगल कंपनीत त्या ‘शर्टवेस्ट’, म्हणजे कॉलर-कफांची पोलकी, शिवीत. नोव्हेंबर १९०९ मधल्या सभेत पुढारी नुसते बोलतच राहिले, तेव्हा क्लारा लेम्लिक ही तेवीस वर्षांची पोर उठली आणि यिडिश भाषेत तिने सरळ संपाचाच ठराव मांडला. वीस हजारांवर कामगार, बहुतेक मुलीच, थंडीत रस्त्यावर आल्या. पुष्कळ कारखानदार नमले. ट्रँगलने मात्र संघटनेला मान्यता दिली नाही.

२५ मार्च १९११, शनिवार. काम सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर मालकांना टेलिफोनने खबर गेली, ते गच्चीवरून सुटले. नवव्या मजल्याला कोणी कळवलेच नाही. तिथल्या एका दाराला कुलूप होते. (चोरी होऊ नये म्हणून सुटताना पोरींच्या पिशव्या तपासत!) बंबांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. १४६ जीव गेले, त्यांत १२३ बायका-मुली.

मालक डिसेंबरात निर्दोष सुटले. कुलूप त्यांना ठाऊक होते, हे म्हणे सिद्ध झाले नाही! १९१४ मध्ये काही वारसांचे दावे मिटले, ते माणशी ७५ डॉलरांवर.

त्या दिवशी खाली गर्दीत फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी उभी होती. १९३३ मध्ये ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली. ती दहा मजली इमारत अजून धडधाकट उभी आहे.