तलावाची पाळ आणि तिचे राखणदार

चांद्याच्या गोंड राजांचे नाव निघाले की परकोट आणि अचलेश्वराजवळील समाध्या यांचेच वर्णन होते. त्यांच्या राज्यकारभाराचे खरे स्मारक पाहावयाचे असल्यास ब्रह्मपुरी, सिंदेवाही वा आरमोरीकडील धानाच्या बांध्यांतून हिंडावे. जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा हिरशहा राजाचा ठराव होता, अशी परंपरा आहे. मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालाने ती इतिहासकारांपर्यंत पोचविली. ठरावातली खुबी अशी की, पाळ फुटली म्हणजे इनामही वाळून जाई. राजाच्या औदार्यापेक्षा या धाकानेच तलाव अधिक टिकले असावेत.

बांधणारे बहुधा कोहळी. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी जोखून मातीची पाळ कोठे घालावी, हे त्यांस अचूक कळे. या प्रांती पाऊस विपुल, पण धान निसवण्याच्या ऐन वेळी तो दडी मारतो. तेव्हाचे एक पाणी मिळाले तर पीक, नाही तर तणस. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत.

पुढे इंग्रजी अमलात मालगुजार गावाचा मालक ठरला. गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहिले गेले. मालगुजार कोणी साधुपुरुष नव्हता. वेठबिगारीचा डाग त्या व्यवस्थेवर आहेच. तथापि तलावाखाली त्याचीही शेती असल्यामुळे उन्हाळ्यात पाळीवर माती पडे. १९५१ साली मालगुजारी गेली, आणि ती जाणे न्याय्यच होते. मात्र तलाव सरकारजमा होताच पाण्याचा हक्क मागणारे उरले, पाळीची काळजी मात्र दूरच्या कचेरीकडे गेली. तळाशी गाळ साचला, काठी बेशरम माजली.

अलीकडे शेजारच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत धीवरांनी बेशरम उपटून, कोरड्या पात्रात नांगर घालून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मागोमाग देशी मासेही परतले. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या २००६ च्या कायद्याने तो मिळाला, त्यात जलाशयातील मासळीचाही हक्क आहे. पण शेतकऱ्यास धानासाठी तलाव रिता करावयाचा असतो, आणि धीवरास मासळीपुरते पाणी तळाशी राखावयाचे असते. पूर्वी मालगुजाराचा शब्द अखेरचा असे. आता दोघांस एकाच सभेत समोरासमोर बसावे लागते.