विषाद आणि रोगवृद्धि : एका जुन्या मताची परीक्षा

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वैद्यकाचीं बाडें पुष्कळदां आढळतात. परंतु राजकीय पत्रांच्या शोधांत असलेले संग्राहक तीं बहुधा बाजूस सारतात. त्यांतील मताचा विचार कसा करावा, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत निरनिराळ्या वर्गांतील अग्र्य वस्तूंची यादी आहे. तींत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्यें विषादास अग्रस्थान दिलें आहे. माधवनिदानांतही काम, शोक, भय व क्रोध यांपासून होणारे ज्वर आगंतु ज्वरांत गणिले आहेत. हीं मतें निराधार होत काय?

१९३६ सालीं हान्स सेली यानें नाना प्रकारें पीडिलेल्या उंदरांत अधिवृक्क ग्रंथि वाढल्याचें, आणि छातींतील थायमस व लसीकाग्रंथि आक्रसल्याचें नोंदिलें. अधिवृक्कांतून स्रवणारें कॉर्टिसोल श्वेतपेशींत शिरून दाह चेतविणाऱ्या द्रव्यांची उत्पत्ति मंदावतें. त्याच वर्गांतील कॉर्टिसोन फिलिप हेंच यानें १९४८ सालीं संधिवाताच्या रोग्यास दिलें, तेव्हां त्याची पीडा ओसरली. पुढें २००० सालीं केव्हिन ट्रेसी व त्याचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, व्हेगस मज्जातंतूच्या टोकाशीं सुटणारें असेटिलकोलीन भक्षकपेशींचें दाहकारी द्रव्य आवरतें. क्षणिक भयानें सुटणारें अड्रेनलीन मात्र कांहीं काळ रक्तांतील श्वेतपेशींची संख्या वाढवितें. म्हणजे अल्पकाळचें भय आणि दीर्घकाळचा विषाद यांचे परिणाम भिन्न होत.

एवढ्यावरून प्राचीनांस अंतःस्राव ठाऊक होते, असें विधान करणें हा इतिहासाचा विपर्यास होय. रोग्याचें मन खचलें कीं रोग बळावतो, हें त्यांचें अवलोकन होतें. त्याची उपपत्ति ते वातादि दोषांनीं लावीत. ग्रंथि, स्राव व पेशी हा मार्ग प्रयोगानें अलीकडे उघड झाला. अवलोकनाचें श्रेय त्यांस द्यावें, उपपत्तीचें नव्यांस. दोहोंची सरमिसळ केल्यास दोघांवरही अन्याय होतो.

हा विवेक मूळ पोथी हातीं असल्यावांचून साधत नाहीं. सोलापुरांतूनच १९४० सालीं उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा जैन वैद्यकग्रंथ वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनीं संपादून प्रसिद्ध केला, म्हणून तो आज अभ्यासकांस उपलब्ध आहे. येथील शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्त्यांतून कोणाजवळ वैद्यकाचें बाड असल्यास त्यानें तें रद्दींत घालूं नये. लेखनकाल, लेखकाचें नांव, आणि विशेषतः समासांत वैद्यानें स्वहस्तें लिहिलेले अनुभव यांची नक्कल करून ठेवावी. ग्रंथांतील मत अन्य प्रतींतही सांपडेल. समासांतील अनुभव एकदां नष्ट झाला कीं पुन्हां मिळावयाचा नाहीं.