दांड्याची कुळकथा

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपण भाऊबंदकीच्या गोष्टी निघाल्या की हमखास वापरतो. लाकूड लाकडाच्या जिवावर उठले, असा तिचा अर्थ. आपल्या वळसंगात निम्म्या घरांतून कानडी बोलली जाते, त्या भाषेतही हीच म्हण आहे. कानडीत कुऱ्हाडीला 'कोडली' म्हणतात आणि दांड्याला 'काव'. दोन्ही भाषांनी मिळून बिचाऱ्या दांड्याला अगदी खलनायक करून टाकले आहे. पण भगिनींनो, विचार करा. दांड्यावाचून कुऱ्हाड म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. तो झाडाचे काही करणार नाही, आणि आपली चूलही पेटवणार नाही.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळातून निरोप आला. कोणी पाककृती देणार, कोणी जात्यावरच्या ओव्या देणार, असे कानावर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; परंतु मुलीच्या कॉलेजातील इतिहासाची पुस्तके दुपारच्या वेळी चाळण्याची मला सवय लागली आहे. त्या पुस्तकांत राजांच्या लढाया आहेत, तशाच जमिनीतून निघालेल्या कुऱ्हाडीही आहेत. म्हणून मी दांड्याचा इतिहास लिहिण्याचे ठरविले. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या बाईच्या हातातली कुदळ ऐन घावात दांड्यातून निसटली असेल, तिला हा विषय किती गंभीर आहे ते सांगावे लागणार नाही.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. 1950-51 साली डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले. त्या गावी तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी सापडल्या. त्या वापरणारे लोक आजपासून तीन हजार वर्षांहून अधिक मागे होऊन गेले. त्या कुऱ्हाडींना नेढे नाही. नेढे म्हणजे दांडा घालावयाचे भोक. सुईचे ते नेढे आणि कुऱ्हाडीचेही नेढेच. नेढे नसेल तर दांडा बसवायचा कसा? लाकूड चिरून किंवा त्याला खोबण करून त्यात पाते अडकवायचे आणि वादीने करकचून आवळायचे, एवढाच उपाय उरतो. वादी ओली असताना बांधली म्हणजे वाळताना आवळते, हे आपल्याकडे चामड्याचे काम करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. परंतु घाव बसत गेले की वादी सैल होणारच, आणि प्रत्येक घावाला पाते लाकडात मागे शिरून लाकूड आणखी चिरणार.

सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडोचे नाव सर्वांनी शाळेत ऐकले आहे. त्या लोकांनी भाजक्या विटांची घरे बांधली, गटारे बांधली, पण त्यांच्या कुऱ्हाडीही बहुतेक सपाटच. भोक असलेले एक हत्यार तेथे सापडले, एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस वाकस, असे. आणि ते पश्चिमेकडील देशांतून आलेल्या धाटणीचे असावे असे विद्वान मानतात. इराक-इराणकडे नेढ्याची कुऱ्हाड फार जुनी. एवढी शहाणी माणसे, आणि साधे भोक त्यांना सुचू नये, याचे मला पुष्कळ दिवस नवल वाटत होते. मग लोहाराच्या भात्यासमोर उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. पाते ठोकून पातळ करणे हे एक काम, आणि जाड धातूत आरपार भोक पाडून भोवतीची भिंत न फुटू देणे हे दुसरे. दुसरे पहिल्याच्या चौपट अवघड.

आता विदर्भाकडे वळू. माझ्या मते दांड्याच्या इतिहासातले सर्वांत गोड पान तेच आहे. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती प्राचीन काळच्या लोकांची दफने. जुनापाणीचे उत्खनन 1961-62 साली थापर यांनी केले, आणि 1970 नंतर डॉ. देव यांनी माहुरझरीचे केले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. हे लोक सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. मेलेल्या माणसाबरोबर त्यांनी त्याची हत्यारे पुरली, घोड्याचे साजही पुरले. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी आहेत, त्याही सपाट. पण नुसत्या वादीवर त्यांचा विश्वास राहिलेला नव्हता. त्यांनी लोखंडाच्या पट्ट्या घेतल्या, कुऱ्हाडीच्या अंगावर त्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या आणि पाते दांड्याला जखडून टाकले. लाकूड केव्हाच कुजून गेले, पण फुलीच्या पट्ट्या पात्यावर तशाच राहिल्या आहेत. पुस्तकातले ते चित्र मी कितीतरी वेळ पाहत बसले. कोणीतरी एक लोहार, नाव ना गाव, आपल्या गिऱ्हाइकाच्या हातून पाते सुटू नये म्हणून एवढी खटपट करीत होता.

पाते सुटण्याचा धोका सर्व जगाला ठाऊक होता. ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात याविषयी चक्क कायदा दिलेला आहे. दोघे शेजारी रानात लाकडे तोडावयास गेले, एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि दुसरा त्याने मेला, तर मारणाऱ्याच्या मनात वैर नव्हते म्हणून त्याने ठरवून दिलेल्या नगरात पळून जाऊन जीव वाचवावा, अशी तेथे सोय आहे. कायद्यात लिहून ठेवण्याइतके हे अपघात होत असले पाहिजेत.

नेढे आले आणि काम पुष्कळ सोपे झाले. पण नेढे दोन रीतींचे, हे बायकांनी नीट समजून घ्यावे. टिकावाचे भोक एका तोंडास मोठे आणि दुसऱ्या तोंडास लहान असते. त्याचा दांडाही एका टोकास जाड असतो. बारीक टोक मोठ्या तोंडातून घालून दांडा ओढून घ्यायचा. जाड टोक वर येऊन भोकात अडकते. टिकाव फिरवला की पाते बाहेर पळू पाहते आणि जितके पळू पाहते तितके जाड टोकावर घट्ट बसते. येथे खिळा नको, पाचरही नको. दांडा उभा धरून त्याचे जाड टोक दगडावर दोनदा आपटले की काम झाले. हातोड्याची रीत उलटी. दांडा खालून घालायचा, आणि वरून डोके फाडून त्यात सुक्या लाकडाची पाचर ठोकायची. पाचर भोकाच्या लांबीला धरून ठोकली म्हणजे लाकूड दोन्ही कुशींस फुगून भिंतीला भिडते. पाते खाली उतरवताना हातोडा पात्यावर मारू नये. दांडा हातात लोंबता धरून त्याच्या बुडाशी मारावे. पाते जड असल्याने जागीच राहते आणि दांडा त्यात वर चढतो. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, पण करून पाहावे.

आमच्या गल्लीत सैल दांड्यावर तीन औषधे चालतात. चिंधी, खिळा आणि पाण्याची बादली. चिंधी चार दिवस टिकते. खिळ्याने लाकूड चिरते आणि पुढच्या वेळी दांडाच बदलावा लागतो. पाण्याचे औषध सर्वांत फसवे. लाकूड भिजले की फुगते, त्या दिवशी पाते हलत नाही. पण फुगलेले लाकूड लोखंडाच्या भिंतीवर दाबले जाऊन चेंगरते, आणि सोलापूरच्या उन्हात वाळले की पहिल्याहून बारीक होते. मग पुन्हा बादली.

गावगाड्यात ही चिंता बायकांना नव्हती. लोहार आणि सुतार हे दोघेही बलुतेदार. वर्षभर त्यांनी कुणब्याची अवजारे नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्याचे बलुते न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गाव-गाडा' या पुस्तकात ही सारी व्यवस्था लिहून ठेवली आहे, तिच्यातल्या खोटी दाखवूनही. पाते लोहाराचे, दांडा सुताराचा, आणि दोघांच्या मध्ये जी फट राहते तिचे भांडण नेहमीचे! नांगराचा फाळ जागेवर धरणारे कडे म्हणजे वसू, गाडीच्या चाकावरची धाव, मुसळाच्या टोकाची सांब, ही सारी लाकूड आणि लोखंड यांची लग्नेच. धाव चढवताना लोखंड लालभडक तापवून फुगवायचे, चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. निवताना ते लाकडाला असे आवळते की पुढे हलत नाही. येथे पाण्याने आवळते ते लोखंड. बादलीत बुडवलेल्या दांड्यात फुगते ते लाकूड. एक रीत टिकते, दुसरी टिकत नाही, त्याचे कारण हेच.

बलुतेदारांखेरीज घिसाडी येत. बिऱ्हाड गाडीवर घेऊन हे लोक गावाबाहेर उतरत, आणि विळे, खुरपी, अडकित्ते करून देत. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि समोर उभी राहून घण मारते ती त्याची बायको. पदर खोचून, कधी पोर शेजारी झोळीत ठेवून ती घण उचलते. बाईला हत्यारातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा पाहावे. विळ्याचे शेपूट मुठीत बसवण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी. शेपूट तापवून लाकडात जाळत नेतात. म्हणजे भोक बरोबर त्याच मापाचे होते. कोणी भोकात लाख वितळवून ओततात. शेपूट पलीकडे काढून वाकवले तर मूठ कधीच निघत नाही.

पुढे कारखाने आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होईल असे शेतकरी म्हणत, तरी नांगर खपला. त्याचे भाग नटबोल्टने जोडलेले. सैल झाले तर पाना फिरवायचा. त्याच किर्लोस्करवाडीहून 1930 साली 'स्त्री' मासिक निघाले, हे आपल्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. नांगर सुधारला, परंतु बाईच्या हातातले खुरपे होते तसेच राहिले.

आणि बाईच्या हातात हत्यार केव्हा येते? दुष्काळात तर येतेच. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळात आष्टीच्या तलावाचे काम काढले होते. 1972 चा दुष्काळ आमच्या सासूबाईंनी अंगावर काढला. तेव्हा त्या नव्या सुना होत्या. एका कामावर त्या माती उचलत होत्या. तेथे वाटलेल्या टिकावांना कच्च्या लाकडाचे दांडे होते. उन्हाळ्यात ते सुकून आले. मुकादम म्हणे, पाण्यात बुडवा. एके दिवशी एका गड्याच्या टिकावाचे पाते निसटले आणि पुढे घमेले घेऊन चाललेल्या बाईच्या नडगीवर बसले. हाड मोडले. ती बाई पुन्हा त्या कामावर आली नाही. तिच्या घरी दोन लहान पोरे होती आणि हजेरी बुडाली म्हणजे मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई घरची कुदळ घेऊन जाऊ लागल्या. मामंजींनी तिला जुन्या बाभळीचा दांडा घातला होता. मला त्या आजही सांगतात, "अगं, कुणाचं पण हत्यार हातात घेतलंस की आधी दांडा भुईवर आपट. आवाज खणखणीत आला तर उचल, भदभद आला तर ठेव खाली."

1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विहिरीच्या निमित्ताने आपल्या वळसंगला आले, हे गावात लहान पोरही सांगते. त्या विहिरीजवळून जाताना मला तिच्या काठावरची गर्दी जशी आठवावीशी वाटते, तशीच आत उतरलेली पहार आणि कुदळही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तो फोडताना किती दांडे मोडले असतील!

आता दांड्याच्या लांबीविषयी. आपले खुरपे वीतभर मुठीचे. बसून, वाकून, दिवसभर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात भाजीच्या शेतांतील मजुरांना दोन फुटांहून आखूड दांड्याची कुदळ देत. वाकून वाकून त्यांच्या पाठी कायमच्या गेल्या. मजुरांनी दाद मागितली, आणि 1975 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती कुदळ बंद झाली. मालक म्हणत, लांब दांड्याने रोपे तुटतील. लांब दांडे आले, आणि भाजी पिकायची थांबली नाही. आपले खुरपे सर्वस्वी टाकावे असे मी म्हणणार नाही. दाट पिकात एका हाताने गवत धरून दुसऱ्याने मुळाशी जायचे, तर तेच लागते. परंतु अंगणातले गवत, परसातले आळे, भाजीच्या सऱ्या येथे लांब दांड्याचे खुरपणे चालते. चाकाचे हातकोळपेही आता पुष्कळ शेतांत दिसते.

दांडा लांब झाला म्हणजे जोडावरचा ताणही वाढतो, म्हणून बसवणी पक्की हवी. आमच्याकडे जुनी बाभूळ उत्तम. धावडा त्याहून चिवट, पण तो आपल्या माळावर कोठला मिळायला! लाकूड सरळ रेषांचे पाहावे, गाठ नको, आणि तोडल्यावर सावलीत दोन-तीन महिने वाळू द्यावे. खराट्याला वेळूचा दांडा घालताना टोक तासून जुडीच्या मधोमध ठोकावे आणि मगच तार आवळावी. आधी आवळली तर दांडा आत जात नाही.

हल्ली सोलापूरच्या बाजारात लोखंडी नळीचा दांडा पात्याला वेल्डिंगने जोडून मिळतो. तो निसटत नाही, हे खरे. पण वैशाखात दुपारी तो हातात धरवत नाही, आणि दगडावर घाव बसला की झिणझिण्या खांद्यापर्यंत जातात. सासूबाईंनी तो एकदा हातात घेऊन पाहिला आणि न बोलता भिंतीला टेकवून ठेवला.