एसी जन्मला कागदासाठी

एसीचा शोध माणसाला गारवा मिळावा म्हणून लागला असं वाटतं ना? चूक. तो लागला कागदासाठी!

साल १९०२. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सॅकेट अँड विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा चढवतात. दमट हवेत पापड सादळतात तसा कागदही सादळतो आणि किंचित वाढतो. मग लाल एकीकडे, पिवळा भलतीकडेच. पावसाळ्यात दोनरंगी पत्रिका छापणाऱ्या आपल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना विचारा!

काम आलं विलिस कॅरियर या २५ वर्षांच्या इंजिनियरकडे. डिग्री मिळून जेमतेम वर्ष झालेलं. (त्या वयात आपण बेंचवर बसून होतो, असो.) त्याने हवा गार पाण्याच्या नळ्यांवरून नेली. गार हवेला बाष्प पेलवत नाही, ते नळ्यांवर पाणी होऊन ठिबकतं. नुसतं थंड करायला बर्फ होताच की. खरी गंमत होती आर्द्रता ५५ टक्क्यांवर धरण्यात. कामगारांचा घाम कुणाच्या हिशेबातच नव्हता.

'एअर कंडिशनिंग' हे नाव १९०६ साली स्टुअर्ट क्रेमरने दिलं. तेसुद्धा कापडगिरणीतल्या सुतासाठी.